चासीवरचा नंबर, दाखल्यावरचे नाव

महाडच्या शाखेत असताना, कर्जावर घेतलेल्या गाड्या तपासणे हे माझ्याकडचे एक काम होते. पोलादपूरच्या एखाद्या गॅरेजात जायचे, जीपच्या पोटाखाली शिरायचे, चासीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. कागदावर आकडे उमटत. ते कागदपत्रांतल्या आकड्यांशी जुळले की गाडी खरी आणि बँकेचे तारणही खरे. एकदा एका जीपच्या चासीचा नंबर जुळला, इंजिनाचा जुळेना. मेस्त्रीने शांतपणे सांगितले, की इंजिन दुसऱ्या गाडीचे बसवले आहे; कशेडी घाट मात्र ती आता पहिल्यापेक्षा चांगला चढते. मी कर्ज अडवले. नियमाने ते बरोबरच होते.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, एन्झो फेरारी गेल्याची बातमी मी महाडलाच वाचली. तेव्हा नावापलीकडे काही ठाऊक नव्हते. निवृत्तीनंतर त्याच्या आयुष्याविषयी वाचत गेलो, तेव्हा तो पातळ कागद आणि ती पेन्सिल सारखी आठवत राहिली. खरे कोणते आणि कागदावरचे कोणते, हा प्रश्न या माणसाच्या बाबतीत जन्मापासूनच सुरू होतो.

इटलीतल्या मोडेना गावी १८९८ च्या फेब्रुवारीत तो जन्मला. तो स्वतः १८ तारीख सांगे आणि बर्फ फार पडल्याने वडिलांना नोंदणीला जाता आले नाही, असे कारण देई. दाखल्यावर मात्र २० तारीख आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लावलेल्या १ जूनवर आयुष्य काढलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. १९१६ मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी थोरला भाऊही गेला. पहिल्या महायुद्धात एन्झोला डोंगरी तोफखान्यात खेचरांना नाल ठोकण्याचे काम मिळाले. तिथून तो मरणाच्या दारातून परतला.

१९१८-१९ च्या हिवाळ्यात तो तुरीनला फियाट कंपनीत नोकरी मागायला गेला. हीच ती फियाट, जिच्या मोटारीवरून पुढे आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी निघाली आणि मुंबईची टॅक्सी झाली. फियाटने नकार दिला. गावातल्या बागेत एका बाकावर बसून तो रडला, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. पन्नास वर्षांनी, १९६९ मध्ये, याच फियाटने त्याच्या कंपनीचा अर्धा हिस्सा विकत घेतला. शर्यतींचा कारभार मात्र त्याने स्वतःच्या हातात ठेवला.

दुसरीकडे नोकरी धरून तो शर्यतीत उतरला. १९२० मध्ये अल्फा रोमिओची गाडी घेऊन सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत दुसरा आला. चालक म्हणून तो चांगला होता, असामान्य नव्हता. माणसे जमवण्यात आणि त्यांच्यात चुरस लावून देण्यात मात्र असामान्य होता. १९२९ मध्ये त्याने स्वतःचा संघ काढला आणि अल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतीत पळवल्या. दहा वर्षांनी तिथून बाहेर पडला तेव्हा करारात एक अट होती: चार वर्षे शर्यतीच्या कामासाठी स्वतःचे आडनाव वापरायचे नाही. म्हणून १९४० मध्ये त्याने बांधलेल्या पहिल्या दोन गाड्यांवर फेरारी हे नाव नव्हते. आडनाव हाती असून वापरता न येणे म्हणजे काय, हे त्याने असे स्वतः भोगले होते.

युद्धकाळात कारखाना मोडेनाहून जवळच्या मारानेल्लोला गेला. अॅपेनाइन डोंगराच्या पायथ्याचे ते गाव, वर घाटाचा रस्ता. आपल्या पोलादपूरसारखेच, घाट सुरू होण्याआधी माणसे थांबतात असे. तिथे १९४७ मध्ये त्याच्या नावाची पहिली गाडी निघाली. इंजिन दीड लिटरचे, पण सिलिंडर बारा. त्याच वर्षाच्या मे महिन्यात रोममध्ये तिने शर्यत जिंकली. ही गाडी आज मूळ रूपात उरलेली नाही. ती सुटी करून तिचे भाग पुढच्या गाड्यांत वापरले गेले, असे मानले जाते. कालच्या गाडीची त्याला माया नव्हती. शर्यतीचा खर्च भागावा म्हणून तो श्रीमंतांना रस्त्यावरच्या गाड्या विकायचा.

जी गाडी त्याच्या लेखी उद्याची भंगार होती, तिची आज काय किंमत आहे पाहा. १९६२ ते १९६४ या काळात २५० जीटीओ नावाच्या गाड्या बनल्या, अवघ्या ३६; मोठ्या इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९. अमेरिकेत नवी गाडी १८ हजार डॉलरच्या आसपास मिळे. त्यांतली एक २०२३ मध्ये लिलावात पाच कोटी १७ लाख डॉलरला गेली, म्हणजे ४०० कोटी रुपयांहून अधिक.

एवढा पैसा आला की नकली माल आलाच. साठच्या दशकाच्या आरंभी फेरारीने चार माणसांची, कुटुंबाला बसता येईल अशी २५० जीटीई गाडी काढली होती. अशा साडेनऊशेच्या आसपास बनल्या. त्यांतल्या कित्येकींची कातडी सोलून, आतला सांगाडा आणि इंजिन वापरून जीटीओच्या नकला तयार झाल्या. म्हणून घेणारा आधी नंबर पाहतो. त्या काळी फेरारीत रस्त्यावरच्या गाडीला विषम नंबर देत आणि शर्यतीच्या गाडीला सम. जीटीओ अस्सल शर्यतीची, तरी तिचे नंबर विषम. कारण नियमाला हव्या तितक्या गाड्या बांधलेल्याच नव्हत्या आणि ती जुन्या रस्त्यावरच्या गाडीचीच सुधारलेली आवृत्ती आहे, असे दाखवून मंजुरी मिळवली होती. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सचा नंबर कारखान्याच्या जुन्या दप्तरातल्या नोंदींशी ताडून पाहतात. आता कंपनीचा स्वतंत्र विभागच असे दाखले देतो. साठ वर्षांपूर्वी ठोकलेले आकडे जुळले तर सोने, नाही तर पत्रा.

ज्याच्या कारखान्यात प्रत्येक चासीवर नंबर पडत होता आणि प्रत्येक नंबराची नोंद होत होती, त्याच्या घरी मात्र एक नोंद अडून राहिली होती.

१९२३ मध्ये त्याचे लॉराशी लग्न झाले. १९३२ मध्ये मुलगा झाला, आल्फ्रेदो, लाडाने दीनो. मुलगा हुशार होता, इंजिनांत रमायचा. पण स्नायू झिजवणाऱ्या रोगाने त्याला धरले आणि १९५६ मध्ये चोविसाव्या वर्षी तो गेला. बाप रोज त्याच्या थडग्यावर जाऊ लागला. त्याच्या नावाने इंजिन निघाले, मोटार निघाली. पुढच्याच वर्षी मिले मिलिया शर्यतीत टायर फुटून फेरारीची गाडी लोकांत घुसली. चालक आणि त्याचा साथीदार गेले, रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच मुले. फेरारीवर खटला चालला. १९६१ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या चार-पाच वर्षांत त्याच्या गाड्यांत आणखी तरुण चालकही मेले. तो शर्यती पाहायला जाईनासा झाला आणि काळा चष्मा लावून मारानेल्लोत बसू लागला. गाड्या मात्र पाठवत राहिला.

आणि या सगळ्या काळात त्याला दुसरा मुलगा होता. लीना लार्दी नावाच्या स्त्रीपासून १९४५ मध्ये झालेला, पिएरो. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला, आणि विवाहित पुरुषाला अशा मुलाला आपले नाव देण्याची मुभा १९७५ पर्यंत नव्हती. मुभा आली तरी लॉरा होती. पिएरो आईच्या आडनावाने वाढला आणि बापाच्याच कारखान्यात नोकरीला लागला. कामगारांना ठाऊक होते, गावाला ठाऊक होते, फक्त कागदाला ठाऊक नव्हते. १९७८ मध्ये लॉरा वारली. त्यानंतर त्याला फेरारी हे आडनाव मिळाले. तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. बाप १९८८ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेला तेव्हा कंपनीतला काही हिस्सा पिएरोकडे आला. दुनियेला ही बातमी दफन उरकल्यावर कळली.

कायद्याकडे बोट दाखवून बापाला सोडून देणे सोपे आहे. मला ते जमत नाही, आणि त्याला दोष देणेही जमत नाही. महाडला एकदा पोलादपूरच्या बाजूची एक बाई मुलाचे बचत खाते उघडायला आली होती. फॉर्ममध्ये वडिलांच्या नावाची जागा कोरी होती. मी ती भरून आणायला सांगितले. ती काही बोलली नाही. मी पुन्हा सांगितले, जरा मोठ्याने, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असे. आईला पालक धरून खाते उघडायची सोय होती, हे मला पुढे परिपत्रक वाचताना समजले. तोवर ती फॉर्म चार घड्या करून घेऊन गेली होती आणि पुन्हा आली नाही.

मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. टेबलाला धरून उभा होता. नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. मी फक्त कोरी जागा पाहिली. ते नाव वाचलेच नाही.