ज्यांची साक्ष चालत नव्हती त्यांचा वकील

मैत्रिणींनो, वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. अठराव्या शतकात मात्र या बेटांवर उसाचे मळे होते आणि त्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. तिथे वकिली केलेल्या जेम्स स्टीफन यांची ही गोष्ट.

जन्म १७५८ चा, इंग्लंडमधला. वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा आई मुलांना घेऊन तिथेच राहिली. त्या काळी तशी मुभा होती.

वकील झाल्यावर १७८३ मध्ये ते पोटापाण्यासाठी सेंट किट्स बेटाकडे निघाले. वाटेत बार्बाडोसला त्यांनी एक खटला पाहिला. एका गोऱ्या डॉक्टरच्या खुनाचा आळ चार गुलामांवर होता. पुरावा काय, तर धमकावून घेतलेली एका मुलीची जबानी! त्यातल्या दोघांना जिवंत जाळायची शिक्षा झाली. आपण गुलाम कधीच बाळगायचा नाही, हे स्टीफननी तेव्हाच ठरवलं.

तिथला कायदाही कसा बघा! गुलामाविरुद्ध गुलामाची साक्ष चालायची, पण गोऱ्याविरुद्ध नाही. म्हणजे मालकाने मारलं आणि बघणारे सगळे गुलामच असले, तर कोर्टात काही घडलंच नाही!

स्टीफन यांचे अशील हेच मळेवाले. उघड बोलावं तर चूल विझायची. मग इंग्लंडच्या एका फेरीत ते खासदार विल्बरफोर्स यांना भेटले आणि बेटावरून गुपचूप माहिती पाठवू लागले. १७९४ मध्ये मायदेशी परतल्यावर मात्र उघडपणे लढले. पहिली पत्नी वारल्यावर १८०० मध्ये त्यांनी विल्बरफोर्स यांच्या विधवा बहिणीशी, सारा यांच्याशी लग्न केलं. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या १८०७ च्या कायद्यामागे त्यांची वकिली बुद्धी होती. पुढे ते खासदार झाले. गुलामांची नोंद ठेवण्याच्या कायद्याला सरकार पाठिंबा देईना, म्हणून १८१५ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. १८३२ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी झालेल्या गुलामगिरीबंदीच्या कायद्याचा मसुदा त्यांच्या मुलाने लिहिला. लेखिका व्हर्जिनिया वूल्फ ही त्यांची पणती.

मी महिलांच्या तक्रारींचं काम करते. मारहाण घरात होते आणि बाहेर पहिला प्रश्न येतो, साक्षीदार कोण? म्हणून मला स्टीफन जवळचे वाटतात. ज्यांचं बोलणं कोर्ट ऐकत नव्हतं, त्यांचं म्हणणं त्यांनी पार्लमेंटपर्यंत नेलं.