फ्रिट्झ हेबर : अन्नाचा आणि विषाचा शास्त्रज्ञ

जगाला मुबलक खत देणारा शोध आणि पहिल्या महायुद्धातील विषारी वायू या दोहोंशी एकाच शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेबर यांचे चरित्र वाचताना राष्ट्रे नव्या शस्त्रांच्या मागे का धावतात, याचा उलगडा होतो.

हेबर यांचा जन्म ९ डिसेंबर १८६८ रोजी ब्रेस्लाऊ येथील ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तरुणपणीच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९०९ मध्ये त्यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश यांनी ही प्रक्रिया कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे चिलीतून येणारा सोरा जर्मनीला मिळेनासा झाला. सोऱ्याविना स्फोटके बनविणे अशक्य होते. अशा वेळी हेबर यांचा अमोनिया मदतीला आला. शेतासाठी लागलेला शोध तोफखान्याच्या कामी आला आणि जर्मनीला युद्ध लांबविता आले.

खंदकांत अडकलेले युद्ध लवकर संपवायचे, तर शत्रूकडे नसलेले शस्त्र हवे, अशी हेबर यांची धारणा होती. त्यांच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे दीडशे टनांहून अधिक क्लोरिन वायू सोडण्यात आला. फ्रेंच आघाडी कोलमडली; परंतु जर्मन सेनापतींनाच एवढ्या यशाची अपेक्षा नसल्याने त्याचा लाभ उठविता आला नाही. चार दिवसांनी याच रणभूमीवर उतरलेल्या लाहोर डिव्हिजनच्या भारतीय जवानांनाही या वायूला तोंड द्यावे लागले.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २ मे रोजी, हेबर यांच्या पत्नी क्लारा यांनी पतीच्या पिस्तुलाने आत्महत्या केली. त्या स्वतः रसायनशास्त्रातील डॉक्टरेट होत्या. हेबर लगेचच पूर्व आघाडीवर रवाना झाले.

जर्मनीची मक्तेदारी पाच महिनेच टिकली. सप्टेंबर १९१५ मध्ये ब्रिटिशांनी लूस येथे क्लोरिन सोडला. पुढे दोन्ही बाजूंनी फॉस्जीन वापरला. १९१७ मध्ये जर्मनीने मस्टर्ड वायू आणला, तर १९१८ मध्ये तो फ्रेंचांच्याही तोफगोळ्यांत आला. प्रत्येक नव्या वायूपाठोपाठ नवा मुखवटा आणि मुखवट्याला भेदणारा आणखी जहाल वायू, असे चक्र सुरू झाले. आपण थांबलो तर शत्रू पुढे जाईल, ही भीती दोन्हीकडे सारखीच होती. युद्ध मात्र संपले नाही.

अमोनियाच्या शोधासाठी हेबर यांना १९१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा अनेक देशांतून निषेध झाला. १९३३ मध्ये नाझी सरकारने ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्यास सांगताच त्यांनी संचालकपद सोडले आणि देशही. ज्या राष्ट्रासाठी त्यांनी सर्व काही केले, तेथे त्यांना जागा उरली नव्हती. २९ जानेवारी १९३४ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांचे निधन झाले.

रासायनिक शस्त्रांवर सर्वंकष बंदी घालणारा करार १९९७ मध्ये अमलात आला. भारताने आपला साठा २००९ मध्ये नष्ट केला. अमेरिकेने जगातील अखेरचा घोषित साठा २०२३ मध्ये संपविला. पाच महिन्यांच्या आघाडीसाठी सुरू झालेल्या स्पर्धेचे ओझे उतरविण्यास जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली.