विश्लेषण : राजा रविवर्मांचे देव मळवलीतून घराघरांत कसे पोहोचले?

लक्ष्मी म्हटले की कमळावर उभी, काठाची साडी नेसलेली देवी डोळ्यांसमोर येते. ही प्रतिमा घरोघरी नेण्यात चित्रकार राजा रविवर्मा यांचा आणि मावळातील त्यांच्या छापखान्याचा मोठा वाटा आहे. या छापखान्याने रविवर्मांना कर्जात लोटले. पण कागदावरच्या या देवांना लोकांनी आपल्या हातांनी कपडे-दागिनेही घातले.

रविवर्मा कोण होते?

जन्म २९ एप्रिल १८४८, त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे. किशोरवयातच त्यांना त्रावणकोरच्या राजदरबाराचा आश्रय मिळाला. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले. ते शिकवायला फारसे राजी नव्हते, तेव्हा रविवर्मांनी त्यांचे काम पाहत तैलरंग आत्मसात केले. १८७३ मध्ये व्हिएन्नातील प्रदर्शनात त्यांच्या चित्राला पुरस्कार मिळाला. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रमालिका करून घेतली. यातून मागणी इतकी वाढली की एका चित्रकाराच्या हाताने ती पुरी होणे अशक्य होते.

छपाईची कल्पना कुणाची?

त्रावणकोर आणि बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांची. तंजावरच्या मराठी घराण्यातील माधवरावांनी १८८४ मध्ये रविवर्मांना निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या प्रती छापून घेण्याचा सल्ला दिला. दहा वर्षांनी रविवर्मांनी त्यापुढे पाऊल टाकले. जर्मन यंत्रे आणि तंत्रज्ञ आणून १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत भागीदारीत स्वतःचाच छापखाना सुरू केला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र तिथे सर्वांत आधी छापले गेले.

चित्र छापले कसे जाई?

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे शिळाछापाचे मूळ तत्त्व. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. दगड ओला केला की मोकळी जागा पाणी धरते आणि शाई फक्त चित्रावर बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. मोठ्या चित्रासाठी डझनभर किंवा त्याहून जास्त दगड लागत. तोच कागद प्रत्येक दगडावर नेमक्या जागी बसवावा लागे. दमट हवेने कागद किंचित फुगला तरी रंग सरकून ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे जाई. शेवटी वार्निश आणि कॅनव्हाससारखा उठाव दिला की कागद तैलचित्रासारखा दिसे. म्हणून याला ओलिओग्राफ म्हणत.

मळवलीच का?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कामगार शहर सोडू लागले. भागीदारीही टिकली नाही. १८९९ मध्ये रविवर्मांनी छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ला लेण्यांच्या परिसरातील मळवलीला हलवला. मुंबई-पुणे रेल्वे तिथूनच जात होती. कारभार धाकटे भाऊ सी. राजा राजा वर्मा पाहत. पण खर्च मोठा आणि येणे कमी, त्यामुळे कर्ज वाढतच गेले. नवे शतक उजाडल्यावर दोन-तीन वर्षांतच छापखाना आणि अनेक चित्रांच्या छपाईचे हक्क जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकावे लागले. १९०५ मध्ये भाऊ गेला आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्मांचे निधन झाले.

लोकांनी चित्रांचे काय केले?

अनेक घरांत चित्र नुसते भिंतीवर टांगले गेले नाही. छापील साडीवर खरे कापड बेतून चिकटवले गेले. काठाला जर आली आणि दागिन्यांच्या जागी मणी, टिकल्या टाचल्या गेल्या. चेहरा आणि हात मात्र तसेच ठेवले जात. त्यामुळे एकाच दगडावरून निघालेल्या हजारो प्रतींतील सजवलेली प्रत दुसरीसारखी राहत नसे.

देवळात प्रवेश नाकारलेल्यांसाठी या कागदाचे मोल वेगळेच होते. देवाचे रूप थेट त्यांच्या घरात आले. खुद्द रविवर्मांच्या त्रावणकोरमधील सरकारी मंदिरे सर्व हिंदूंना खुली झाली ती १९३६ मध्ये, त्यांच्या निधनानंतर ३० वर्षांनी.

छापखान्याचे पुढे काय झाले?

श्लायशर यांनी देवांच्या चित्रांबरोबर व्यापारी लेबले आणि जाहिरातीही छापून धंदा सावरला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटांकडे वळण्याआधी लोणावळ्यात राहून या छापखान्यासाठी छपाईचे तांत्रिक काम केले. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत मळवलीचा कारखाना जळाला आणि मूळ ठेव्याचा मोठा भाग नष्ट झाला.

घरात जुनी प्रत असेल तर?

चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचे नाव किंवा कार्ला-लोणावळा असा उल्लेख आहे का, ते पाहा. भिंगातून हाताने दिलेले अनियमित ठिपके दिसले, तर ती शिळाछापाची खूण असू शकते. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके एकसारख्या रांगेत असतात. चित्रावर जर किंवा टिकल्या असतील, तर नंतरची भर समजून त्या काढू नका. छापखाना जळाला असला तरी त्या घरातील हातांची खूण त्याच प्रतीवर आहे.