विल्यम फ्रेडरिक गेरिके

विल्यम फ्रेडरिक गेरिके (इ.स. १८८२ – इ.स. १९७०) हे अमेरिकन वनस्पतिपोषणतज्ज्ञ होते. मातीविना, क्षारयुक्त पाण्यात पीक घेण्याची पद्धत प्रयोगशाळेतून बाहेर काढून उत्पादनाच्या पातळीवर नेण्याचे आणि तिच्यासाठी हायड्रोपोनिक्स हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांचे बहुतेक संशोधन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात झाले. पोषक द्रावणाचे तापमान हा पीक व्यवस्थापनाचा स्वतंत्र विषय मानून त्याचा अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांतही त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

वनस्पती पाण्यात वाढवण्याची कल्पना गेरिके यांची नव्हे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी इ.स. १६९९ मध्ये पुदिन्याच्या जातीची रोपे वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्यात वाढवून त्यांची तुलना केली होती. पुढे इ.स. १८६० च्या दशकात जर्मनीतील युलियस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नॉप यांनी ठरावीक क्षारांची द्रावणे तयार केली. मात्र हे सर्व प्रयोग काचेच्या बरण्यांत होत आणि वनस्पतीला कोणती मूलद्रव्ये लागतात, एवढेच जाणून घेणे हा त्यांचा हेतू असे. बरणीतले रोप शेतातल्या पिकाशी स्पर्धा करू शकेल, असा विचार त्यामागे नव्हता.

गव्हावरील संशोधन

गेरिके यांचे सुरुवातीचे काम गव्हावर होते. नत्राची मात्रा पिकाच्या वाढीच्या कोणत्या टप्प्यावर दिली, यावर दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण अवलंबून असते आणि उशिरा दिलेल्या नत्राने ते वाढते, असे त्यांनी इ.स. १९२० च्या सुमारास दाखवले. रोपाची गरज टप्प्याटप्प्याने बदलते, ही त्यांच्या पुढील साऱ्या कामाची बैठक होय. मातीत एकदा घातलेले खत काढून घेता येत नाही. द्रावण मात्र हवे तेव्हा बदलता येते.

पाण्यातील शेती

इ.स. १९२९ मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात त्यांनी या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. त्यात वापरलेला ॲक्वाकल्चर हा शब्द जलचरांच्या संवर्धनासाठी आधीच प्रचलित होता. त्यामुळे बर्कलीतील वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सेचेल यांनी पाणी व श्रम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हायड्रोपोनिक्स हे नाव सुचवले. गेरिके यांनी ते इ.स. १९३७ मध्ये सायन्स या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. तत्पूर्वी इ.स. १९३३ मध्ये पाण्यातील रोपांना खत पुरवणाऱ्या साधनाचे पेटंट त्यांनी घेतले होते.

त्यांची रचना साधी होती. सुमारे वीतभर खोल उथळ टाकीत पोषक द्रावण, टाकीवर तारेची जाळी आणि जाळीवर भुसा, गवत किंवा लाकडाचे बारीक तुकडे यांचा थर. रोपे या थरात लावली जात व त्यांची मुळे खाली द्रावणात उतरत. जाळी आणि द्रावण यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा ठेवलेली असे, त्यामुळे मुळांचा वरचा भाग दमट हवेत आणि खालचा पाण्यात राही. टोमॅटोचे सुमारे २५ फूट उंच वेल त्यांनी वाढवले. शिडीवर चढून टोमॅटो तोडल्याची वर्णने वृत्तपत्रांत झळकली आणि विषयाचा बोलबाला झाला. प्रत्यक्षात वेलाच्या उंचीपेक्षा ती हवेची पोकळी अधिक महत्त्वाची होती, कारण पाण्यात बुडालेले मूळ बहुधा अन्नाअभावी मरत नाही, प्राणवायूअभावी मरते.

द्रावणाचे तापमान

बर्कली हे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी असून तेथील उन्हाळाही थंड व धुक्याचा असतो. टोमॅटो हे उबदार हवामानाचे पीक. मुळे गार पाण्यात असली की त्यांची पाणी व क्षार, विशेषतः स्फुरद, शोषण्याची गती मंदावते आणि द्रावणात सर्व अन्नद्रव्ये असूनही रोप उपाशी असल्यासारखे दिसते. कृषी अभियंता जे. आर. टॅव्हर्नेटी यांच्यासह गेरिके यांनी टोमॅटोसाठी द्रावण गरम करण्याच्या विषयावर अभ्यास केला व तो इ.स. १९३६ मध्ये कृषी अभियांत्रिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता मोठी आहे. हजार लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते, पण एकदा तापलेले पाणी हवेच्या मानाने फार हळू निवते. त्यामुळे मुळांभोवतीचे पाणी उबदार ठेवण्याचा विचार आकर्षक होता.

त्याला मर्यादाही होत्या. त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड व डॅनियल आर्नन यांनी द्रावण तापवण्यावर दिला जाणारा भर अवाजवी ठरवला. हवेचे तापमान पिकास अनुकूल असेल तर द्रावण वेगळे तापवण्याची गरज उरत नाही आणि हवा प्रतिकूल असेल तर केवळ कोमट द्रावण पिकाला तारू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

विद्यापीठाशी वाद

प्रसिद्धीबरोबर द्रावणाच्या कृतीची मागणी करणारी पत्रे मोठ्या संख्येने येऊ लागली. प्रशासनाला या कामाविषयी शंका होती आणि सुरुवातीला गेरिके यांना हरितगृहात जागा मिळाली नव्हती. विद्यापीठाने कृती उघड करण्यास सांगितले, तेव्हा ती आपण घरी, स्वतःच्या वेळेत तयार केली असल्याची भूमिका त्यांनी घेतली आणि ती परिपूर्ण करण्यासाठी जागा व वेळ मागितला. पुढे त्यांना जागा मिळाली, पण त्यांच्या दाव्यांची तपासणी होगलँड व आर्नन यांच्याकडे सोपवण्यात आली. या दोघांची पुस्तिका इ.स. १९३८ मध्ये निघाली. चांगल्या मातीत, तितकाच प्रकाश व निगा मिळाल्यास पाण्यातील पिकाचे उत्पादन मातीतील पिकाहून अधिक येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. इ.स. १९५० मध्ये सुधारून निघालेल्या या पुस्तिकेतील द्रावण होगलँड द्रावण म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

या वादात दोन्ही बाजूंचे काही खरे होते. उत्पादनाविषयीचे गेरिके यांचे अंदाज फुगलेले होते, हे मान्य करावे लागते. पण ज्या ठिकाणी चांगली माती मुळातच नाही, तेथे तिच्याशी तुलना करून काय साधणार, हा प्रश्न त्या तपासणीने सुटला नाही. पॅसिफिक महासागरातील वेक बेटावर पॅन अमेरिकन विमान कंपनीने प्रवाशांना ताजी भाजी देण्यासाठी इ.स. १९३८ च्या सुमारास अशा टाक्या उभारल्या, त्या याच कारणासाठी.

गेरिके यांनी अखेर विद्यापीठ सोडले. इ.स. १९४० मध्ये त्यांनी मातीविना बागकामावरील आपले मार्गदर्शक पुस्तक प्रकाशित केले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ओसाड बेटांवर जे मळे केले, त्यांत मुळांना आधार म्हणून खडी वापरली गेली. गेरिके यांची जाळीची टाकी मागे पडली. इ.स. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतात आणि नाशिक परिसरात

भारतात या पद्धतीचा पद्धतशीर प्रयोग जे. शोल्टो डग्लस यांनी इ.स. १९४६-४७ मध्ये बंगालमध्ये केला. कालिंपाँग परिसरातील कामावर आधारित त्यांचे पुस्तक इ.स. १९५१ मध्ये निघाले. विजेवर चालणाऱ्या साधनांऐवजी खडी, वाळू व कोरडे क्षार यांवर त्यांनी भर दिला.

गेरिके यांच्यापुढे प्रश्न गारठ्याचा होता. नाशिकसारख्या ठिकाणी तो दोन्ही टोकांनी उभा राहतो. हिवाळ्यात निफाड परिसरात किमान तापमान काही वेळा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. अशा वेळी द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने विहिरीचे तुलनेने उबदार पाणी सोडतात. मुळांचा परिसर उबदार राखण्याचा हा उपाय गेरिके यांच्या विचाराशी जुळणारा आहे. उन्हाळ्यात मात्र कमाल तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि टाकीतले द्रावण तापणे हाच मुख्य धोका ठरतो.

समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे तो आणखी थोडा कमी असतो. उलट तापमान दहा अंशांनी वाढले की मुळांच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. मागणी वाढत असताना पुरवठा घटतो, मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात आणि पिथियम बुरशीमुळे मूळकूज पसरते. म्हणून बंदिस्त बागेत लेट्यूससारख्या पालेभाज्यांसाठी द्रावण १८ ते २२ अंशांदरम्यान राखण्याची शिफारस केली जाते. टाकी जमिनीत पुरणे, तिला पांढरा रंग देणे किंवा ओले गोणपाट गुंडाळणे, द्रावणाचे आकारमान वाढवणे आणि हवेच्या पंपाने बुडबुडे सोडणे हे स्वस्त उपाय आहेत. ओल्या गोणपाटाचा उपयोग कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत चांगला होतो, पावसाळ्याच्या दमट हवेत जवळजवळ होत नाही. एवढ्याने भागले नाही तर पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, बसवावे लागते आणि त्याचे वीजबिल लहान बागेला जड जाते.