मान्योक लावायला लावणारे गव्हर्नर

पोर्ट लुई बंदरासमोरच्या चौकातील माहे द लाबूर्दोने यांचा पुतळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. राजधानी उभारणारे गव्हर्नर म्हणून आम्ही शिक्षक मंडळी वर्गात त्यांचे नाव घेतो. त्यांनी शेतीसाठी काय केले, हे मात्र सांगायचे राहून जाते.

लाबूर्दोने यांचा जन्म १६९९ मध्ये फ्रान्समधील सें-मालो बंदरात झाला. ते लहानपणीच जहाजावर गेले आणि पुढे फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरले. १७३५ मध्ये गव्हर्नर होऊन ते आपल्या बेटावर उतरले. त्या वेळी वस्ती थोडी आणि धान्याची टंचाई मोठी. वादळे, टोळ व उंदीर पिकांचा फडशा पाडीत. शिवाय हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांनाही अन्न पुरवावे लागे.

नुसत्या धान्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे, हे ओळखून त्यांनी मूळचे दक्षिण अमेरिकेतील मान्योक आणवले. उपवासाला आपण जो साबुदाणा शिजवतो, तो याच कंदापासून करतात. वादळाने वरचा पाला गेला तरी जमिनीतला कंद शाबूत राहतो. प्रत्येक मळेवाल्याने आपल्या गुलामांच्या संख्येप्रमाणे मान्योक लावलेच पाहिजे, असा हुकूम त्यांनी काढला. मळेवाल्यांना तो रुचला नाही. काहींनी तर लागवडीवर चोरून उकळते पाणी ओतले, म्हणजे हे पीक इथे येतच नाही असे म्हणता यावे! पुढे दुष्काळी दिवसांत लोकांना त्याचे मोल कळले.

हे सारे पिकवणारे हात मात्र मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांना आणवण्यात लाबूर्दोने यांचाही वाटा होता. थोर माणसाचे गुण सांगताना हे झाकून ठेवू नये.

कापूस आणि नीळ यांनाही त्यांनी उत्तेजन दिले. डचांनी १६३९ मध्ये आणलेल्या उसाला त्यांच्याच कारकिर्दीत नवे बळ मिळाले. १७४६ मध्ये त्यांनी मद्रास जिंकले. पण वरिष्ठांशी वाद होऊन त्यांच्या वाट्याला बास्तीयचा तुरुंग आला. १७५१ मध्ये ते निर्दोष सुटले आणि १७५३ मध्ये वारले.

पुढे त्या अनेक पिकांपैकी ऊसच सारे बेट व्यापून बसला. आपले पूर्वज कोकणातून आले तेही उसाच्याच मळ्यांत राबायला. १९७५ च्या करारामुळे युरोपात साखरेला बांधलेला भाव मिळे. २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला गेला, आणि २००९ मध्ये करारच संपला. कितीतरी लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडून दिला.

भाजीपाला लावा, फळझाडे लावा, असे आता सरकार सांगते. ते योग्यच आहे. पण नुसत्या हुकमाने पीक रुजत नाही, हे मान्योकच्या कथेवरून आपण शिकावे. शेतकऱ्याला चांगले बियाणे, पाणी आणि माल घेणारे खात्रीचे गिऱ्हाईक द्यावे. मग नवे पीक लावायला तो मागे राहणार नाही.