पावलॉव्हची कुत्री आणि आमचा मोत्या

आमच्या मोत्याचे पोट फार नाजूक. गल्लीतली कुत्री उकिरड्यावरचे वाटेल ते खाऊन ठणठणीत असतात आणि घरात दोन वेळा ताटलीत जेवणारा हा लाडोबा मात्र जरा काही इकडचे तिकडे झाले की अंगणात गवत खायला धावतो. एका दिवाळीत तर त्याने कहरच केला. तीन दिवस उलट्या आणि जुलाब. कुणी चकली दिली का, कुणी करंजी भरवली का, म्हणून मी घरातल्या सगळ्यांची उलटतपासणी घेतली. सगळे निर्दोष सुटले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासले, औषध दिले आणि मग विचारले, की फटाके सुरू झाल्यावर हा काय करतो? पलंगाखाली जाऊन थरथरत बसतो, असे मी सांगितले. त्यावर ते हसले आणि जाता जाता म्हणाले, की सवड झाली की पावलॉव्हचे चरित्र वाचा.

पावलॉव्ह म्हटले की मला शाळेच्या पुस्तकातले चित्र तेवढे आठवे: घंटा वाजते आणि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. या माणसाला नोबेल मिळाले ते घंटेसाठी नव्हे, तर पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

इव्हान पेट्रोविच पावलॉव्ह यांचा जन्म १८४९ सालचा, रशियातल्या रियाझान गावचा. वडील चर्चमधले धर्मगुरू, घर मोठे, मिळकत बेताची. लहानपणी उंचावरून पडल्याने त्यांची प्रकृती बिघडली आणि शाळा उशिरा सुरू झाली. मुलाने वडिलांच्या वाटेने जावे अशी घरची अपेक्षा होती, त्याप्रमाणे ते धर्मशिक्षण घेऊही लागले. पण सेचेनॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे पुस्तक हाती पडले आणि १८७० मध्ये हा मुलगा सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात विज्ञान शिकायला निघून गेला.

पुढची वीस वर्षे ओढगस्तीची होती. १८८१ मध्ये सेराफिमा यांच्याशी लग्न झाले, पण संसाराला पैसा पुरेना. पहिले मूल तान्हेपणीच गेले. या काळात विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूच्या घरखर्चासाठी वर्गणी गोळा केली, तर पावलॉव्हनी तो पैसा प्रयोगाच्या जनावरांवर खर्च करून टाकला, असे सांगतात. सेराफिमाबाईंनी हे सारे कसे निभावले असेल, याचा विचार वाचताना सारखा मनात येत होता. १८९० मध्ये लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले, पाठोपाठ प्रायोगिक वैद्यकाच्या संस्थेत स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली, तेव्हा कुठे दिवस पालटले. वय चाळिशीच्या पुढे गेले होते.

तोवर पचनाचा अभ्यास बहुधा भूल दिलेल्या किंवा मरणासन्न जनावरांवर होत असे. पावलॉव्हना जिवंत, धडधाकट, जेवणावर ताव मारणाऱ्या कुत्र्याचे पोट कसे चालते ते पाहायचे होते. त्यांचा शस्त्रक्रियेतला हात विलक्षण होता. त्यांनी कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी बाहेर उघडली. कुत्रे खाई, पण घास जठरात न जाता गळ्यातून बाहेर पडे. तरीही रिकाम्या जठरात रस धो धो वाहू लागे! मेंदूकडून जठराकडे येणारा मज्जातंतू तोडला, की तोच रस थांबे. म्हणजे पचनाची सुरुवात पोटात होत नाही. भूक आणि घासाची गोडी मेंदूला कळते आणि मेंदू पोटाला तयारीला लावतो.

मग त्यांनी जठराचाच एक तुकडा, मज्जातंतू शाबूत ठेवून, वेगळ्या छोट्या पिशवीसारखा शिवला. हा प्रयोग साधेपर्यंत अनेक कुत्री दगावली. १८९४ मध्ये जे कुत्रे तगले त्याचे नाव द्रुझोक, म्हणजे छोटा दोस्त. त्याच्यासारख्या कुत्र्यांनी दाखवून दिले, की पाव, मांस आणि दूध यांसाठी जठर वेगवेगळ्या मापाचा, वेगवेगळ्या ताकदीचा रस वेगवेगळा वेळ पाझरवते.

इथवर आलो आणि मी पुस्तक मिटले. पायाशी मोत्या झोपला होता. पावलॉव्ह शस्त्रक्रियेपुरती भूल देत, जखमांची निगा राखत, हे खरे. पण ‘छोटा दोस्त’ या नावामागे काय काय दडले होते, तेही खरे. या कुत्र्यांचा जठररस अपचनावरचे औषध म्हणून बाटल्यांतून विकलाही जाई आणि त्या पैशाने प्रयोगशाळेला हातभार लागे. १९०४ चे नोबेल पारितोषिक पावलॉव्हना मिळाले, त्यात या मुक्या जिवांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी कसा मांडावा?

माणूस मात्र सच्चा होता. पचनाचे सारे काम मज्जातंतूच करतात असे ते मानत. १९०२ मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले, की स्वादुपिंडाला रक्तातून जाणारा रासायनिक निरोपही चालना देतो. पावलॉव्हनी तो प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत करवून पाहिला आणि आपली चूक कबूल केली. क्रांतीनंतर लेनिनने १९२१ मध्ये खास हुकूम काढून त्यांच्या कामाला संरक्षण दिले, तरी ते राजवटीवर उघड टीका करतच राहिले. १९२४ मध्ये धर्मगुरूंच्या मुलांना अकादमीतून काढू लागले, तेव्हा आपणही धर्मगुरूचेच पुत्र असल्याची आठवण देऊन त्यांनी प्राध्यापकपद सोडले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडमध्ये मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरले, त्यांना पोहवत कसेबसे बाहेर काढावे लागले. कुत्री वाचली, पण काही पार बदलून गेली. शिकलेले सारे विसरली. ती सावरल्यावरही दाराखालून पाण्याचा ओघळ आत आला, की पुन्हा बिथरत. हे वाचताना मला पलंगाखालचा मोत्या आठवला. डॉक्टरांना काय सांगायचे होते, ते त्या क्षणी उमगले. मी दोष शोधत होतो ताटलीत. तो होता फटाक्यांच्या आवाजात.

तेव्हापासून आमच्याकडे काही नियम झाले. जेवणाची वेळ, जागा आणि ताटली ठरलेली. खाणे बदलायचे तर आठवडाभर जुन्यात थोडे थोडे नवे मिसळून. दूध त्याला पचत नाही, म्हणून बंद. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट ही तर कुत्र्याला विषच. पोट बिघडले तर मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, तीही तेल-मीठ-मसाल्याविना, थोडी थोडी, आणि पाणी सदैव समोर. पण रक्त दिसले, उलट्या थांबेनात, पाणीही ठरेना किंवा जनावर मलूल पडले, तर घरगुती उपाय करत न बसता थेट डॉक्टर. पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही वाट पाहू नये. माणसाच्या गोळ्या मनाने कधीही देऊ नयेत. आणि दिवाळीत संध्याकाळचे जेवण फटाके सुरू होण्याआधी, मग आतल्या खोलीत खिडक्या लावून, घरातले कोणीतरी त्याच्याजवळ.

पुढची दिवाळी मोत्याने एकही उलटी न करता पार पाडली. थरथरला, पण जेवला.

पावलॉव्ह २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, शहाऐंशीव्या वर्षी न्यूमोनियाने गेले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या संस्थेच्या बागेत एक स्मारक उभे राहिले होते. त्यावर पुतळा आहे तो शास्त्रज्ञाचा नव्हे, कुत्र्याचा. हिशेब त्याने फिटतो, असे मला वाटत नाही. पण ऋण मान्य केले गेले, एवढे खरे.

आता संध्याकाळी सात वाजता मी डब्याचे झाकण उघडतो, तेव्हा आवाजासरशी मोत्या धावत येतो आणि त्याच्या जिभेवरून लाळ टपकते. पूर्वी मी त्याला हावरट म्हणून हसत असे. आता ती लाळ पाहिली की निर्धास्त होतो. याच्या मनाला जेवण ठाऊक झाले, पोटही तयारीला लागले असणार. क्षणभर द्रुझोकची आठवण येते आणि मी ताटली जरा अलगद खाली ठेवतो.