विश्लेषण : काबुकीला दरबारी मान मिळवून देणारे नववे दांजुरो कोण होते?

जपानचे काबुकी नाटक आज युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ते बाजारू करमणूक मानले जाई आणि नटांना समाजात खालचे स्थान होते. हे चित्र बदलणाऱ्यांत नववे इचिकावा दांजुरो आघाडीवर होते.

नाव कसे मिळाले?

काबुकीत नटाचे नावही वारशाने मिळते. १८३८ मध्ये एडो, म्हणजे आजच्या टोकियोत, सातव्या दांजुरोंच्या घरी हा मुलगा जन्मला आणि लगेच दुसऱ्या नाट्यघराण्यात दत्तक गेला. काटकसरीचे कायदे मोडून थाटात राहिल्याबद्दल १८४२ मध्ये वडिलांना एडोतून हद्दपार केले गेले. आठवे दांजुरो झालेल्या थोरल्या भावाने १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या केली. पुढे २० वर्षे हे नाव रिकामे राहिले. १८७४ मध्ये ते त्यांनी घेतले.

कोणता प्रयोग फसला?

१८६८ नंतर मेइजी राजवटीत देश आधुनिक होऊ लागला. पाश्चात्त्य पाहुण्यांना दाखवण्याजोगे नाटक सरकारला हवे होते. दांजुरो यांनी भडक रंगभूषा आणि अतिशयोक्ती कमी करून इतिहासाला धरून पोशाख, चिलखते आणि संयत अभिनय आणला. ‘कात्सुरेकी’ म्हणजे ‘जिवंत इतिहास’ हे या नाटकांचे नाव मुळात थट्टेने पडले. अभ्यासकांना ती आवडली, पण प्रेक्षक कंटाळले. अखेर दांजुरो जुन्या नाटकांकडे वळले.

१८८७ मध्ये काय घडले?

एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या निवासस्थानी सम्राट मेइजी यांनी काबुकी पाहिले. दांजुरो यांनी ‘कांजिंचो’ सादर केले. १८४० मध्ये त्यांच्या वडिलांनीच हे नाटक प्रथम रंगभूमीवर आणले होते. हद्दपार झालेल्या नटाच्या मुलाला सम्राटासमोर मान मिळाला, तोही नव्या प्रयोगामुळे नव्हे, तर घरच्या जुन्या नाटकामुळे. दोन वर्षांनी टोकियोत काबुकी-झा नाट्यगृह उघडले.

चित्रपटाला विरोध का?

दांजुरो यांना चित्रपट आवडत नसे. पुढच्या पिढ्यांसाठी नोंद राहील, या कारणाने ते १८९९ मध्ये ‘मोमिजिगारी’च्या चित्रीकरणाला तयार झाले. आपल्या हयातीत तो दाखवायचा नाही, ही त्यांची अट होती. चित्रीकरणावेळी वाऱ्याने त्यांच्या हातातला पंखा उडाला. तो प्रसंग तसाच राहिला. १९०३ मध्ये आजारपणामुळे ते ओसाकाला जाऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांच्याऐवजी हा चित्रपटच दाखवला गेला. त्याच सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. उपलब्ध जपानी चित्रपटांत तो सर्वांत जुन्यांपैकी एक असून, २००९ मध्ये त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

मागे काय उरले?

त्यांना मुलगा नव्हता. दांजुरो हे नाव हयात नटाला थेट १९६२ मध्ये पुन्हा दिले गेले. सध्याचे तेरावे दांजुरो २०२२ पासून ते लावतात. काबुकीला प्रतिष्ठा मिळाली, पण तिची किंमतही होती. काबुकी जपून ठेवायचा वारसा झाले आणि बदलत्या जगण्याच्या गोष्टी सांगण्याचे काम हळूहळू नव्या नाट्यप्रकारांकडे गेले.